मदत हवी आहे : काजूच्या बागायतीतला उंचवटा नेमका कशाचा?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामांच्या काजूच्या बागायतीत वाट रुंद करायला लवकरच जेसीबी लागणार आहे. तिथे झुडपांत एक कोरीव दगड कलंडलेला आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत पिंडीपुढे हात जोडलेला माणूस, माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे वीरगळच, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. शेजारच्या आखूड दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आहे, ती सतीशिळा.

माझं घोडं अडलंय ते मागच्या उंचवट्यापाशी. माती आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खड्यांचा ढीग, कडेने मोठे धोंडे, पण वर्तुळ अर्धवट. नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणकालीन (मोठमोठे दगड रचून केलेल्या प्राचीन) दफनांची शिळावर्तुळं आहेत, तिथे लोखंडी हत्यारंही मिळाली. हे तसलं काही असेल, की जमीन साफ करताना कुणी रचलेली रास? मामी म्हणते तो राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, त्यामुळे आजवर कुणी हात लावला नाही. बरंच झालं म्हणायचं!

खणून बघायचं नाही, हे पक्कं. पण न खणता फरक कसा ओळखावा? फोटो आणि मोजमापं नेमकी कशाची घ्यावीत? पुरातत्त्व खात्याकडे अर्ज जमीनमालकानेच करावा लागतो का? गोव्यातलीच, कुशावती नदीकाठची उसगाळीमळची कातळशिल्पं (खडकात कोरलेली चित्रं) १९९३ साली गावकऱ्यांमुळेच अभ्यासकांना कळली, तेव्हा आमचंही कुणी ऐकेल अशी आशा आहे. आणि हो, कलंडलेला वीरगळ आम्हीच उभा केला तर चालेल का? मामांना फार घाई झाली आहे.