लहानपणीचे वाचन आणि कादंबरीची आवड

प्रश्न (रत्नागिरी): १८२८ साली स्थापन झालेल्या येथील नगर वाचनालयातून शाळेत असताना मी केवळ ऐतिहासिक कादंबऱ्याच आणीत असे, आज चाळिशी उलटली तरी संथ, मनोविश्लेषणात्मक कादंबरी माझ्याकडून पुरी होत नाही. ही खोड कायमचीच समजावी काय?

उत्तर (दापोली): आवडीचा पाया लवकर पडतो हे खरे, परंतु तो विषयापेक्षा वेगाचा असतो, असे माझे मत आहे. प्रकरणागणिक उत्कंठा ताणणाऱ्या पुस्तकांवर पोसलेला वाचक पुढेही घटनांचीच वाट पाहत राहतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६२) वाचून पाहावी. मुलांच्या शिक्षणासाठी कोकणातील एका स्त्रीने घेतलेली जिद्द तीत आहे आणि तिच्या मनाचा ठावही.

उत्तर (वेंगुर्ले): ‘रथचक्रा’विषयी सहमत, वेगाविषयी नाही. पावसाळ्यात वीज गेली की आमची आजी कंदिलाच्या उजेडात, पात्रागणिक आवाज बदलून, दिवाळी अंकांतील कथा मोठ्याने वाचीत असे. परिणामी, संवाद कानाला खोटे लागले की मी आजही कादंबरी मिटून ठेवतो, मग कथानक कितीही वेगवान असो.

प्रश्नकर्ता: मला कोणी वाचून दाखविले नाही, हाही फरक असावा. ‘रथचक्र’ आणतो.