मदत हवी आहे: एस्टोनियाचा डिफेंडर, नाव एकच येतं ना? (रात्री आठच्या आत)

रेड_पराग
पटकन मदत हवी आहे. एस्टोनियाचा डिफेंडर, जन्म विल्यांडी गावचा, देशाच्या संघाचा कप्तान, जर्मनीची अव्वल लीग, बुंडेसलिगा, खेळलेला. एवढ्यावर एकच नाव येतं ना? माझ्या मते एकच. पण आमच्यातला एकजण दुपारपासून डोकं खातोय की नाही. आठ वाजता लागणार आहे. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा. गूगल मलाही येतं.

माहीमचा_मोरू
कशासाठी लागणार आहे? फँटसी टीम लावताय का? लावत असाल तर डिफेंडरवर पैसे घालवू नका, मिडफिल्डर घ्या. दर वर्षी सांगतो, कुणी ऐकत नाही.

बाकावरचा_बारावा
तुमच्या मित्राचं बरोबर आहे, दोन नावं येतात. राग्नार क्लावान, जन्म ३० ऑक्टोबर १९८५, विल्यांडी. कारोल मेट्स, जन्म १६ मे १९९३, विल्यांडी. दोघंही सेंटर-बॅक (मधला डिफेंडर), दोघांनीही राष्ट्रीय संघाचं कप्तानपद केलं. क्लावान २०१२ ते २०१६ ऑग्सबुर्गला होता. मेट्स सेंट पाउलीला, आणि तो संघ २०२४ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला येऊन बुंडेसलिगात चढला. दोघंही टालिनच्या फ्लोरा क्लबातून बाहेर गेले. पाहिजे तर दोघांचे बाकीचे क्लबही देतो.

रेड_पराग
बाकीचे क्लब नकोत. मी लिव्हरपूलला खेळलेल्या क्लावानबद्दलच विचारतोय हे उघड आहे.

बाकावरचा_बारावा
कशावरून उघड? तुमच्या प्रश्नात लिव्हरपूल हा शब्दच नाही.

रेड_पराग
लिव्हरपूल लिहिलं तर शेंबडं पोरही उत्तर देईल, मग क्विझ कसली? आज सामन्याच्या स्क्रीनिंगच्या आधी आमच्या लिव्हरपूल-फॅन ग्रुपची क्विझ आहे. शेवटच्या फेरीचा प्रश्न असा हवा की उत्तर एकच येईल आणि लगेच येणार नाही.

माहीमचा_मोरू
हे आधीच सांगितलं असतं तर! बुंडेसलिगा काढा आणि "चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला एस्टोनियन" असं विचारा. कामच फत्ते.

लालबागचा_लव्हरेन
मोरूशेठ, कुठली चॅम्पियन्स लीग? २०१८ ला कीव्हच्या फायनलमध्ये आपण लिव्हरपूलवाले रेआल माद्रिदकडून हरलो आणि क्लावान त्या दिवशी बाकावर होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तो इटलीला, सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीत गेला. माद्रिदमध्ये स्पर्सला हरवून कप उचलला तो १ जून २०१९ ला. तेव्हा हा सार्डिनियात होता. असला प्रश्न विचाराल तर पोरं धागाकर्त्याला स्क्रीनिंगलाच बसू देणार नाहीत.

माहीमचा_मोरू
ग्रुपमधल्या सामन्यांचं पदक मिळतंच की.

लालबागचा_लव्हरेन
पुढच्या मोसमाच्या ग्रुपमध्ये तो नव्हताच हो. तारखा पुन्हा वाचा.

सुमेधा_हॉलंड
पराग, आल्कमारवरून विचारा. क्लावान २००५ मध्ये हेराक्लेस अल्मेलोला आला. आमच्या इथल्या मापानेही अल्मेलो छोटं गाव, सत्तर-पंचाहत्तर हजार वस्ती. स्टेडियमवर तेव्हा कृत्रिम गवत असल्यामुळे पाहुणे संघ कुरकुरतच यायचे. मी तिथे एक सामना पाहिलाय. चेंडू एकदा टप्पा पडला की असा उसळायचा की नवखा डिफेंडर हमखास फसणार. तिथे तीन-साडेतीन वर्षं काढल्यावर जानेवारी २००९ मध्ये तो लोनवर (तात्पुरता उसना) आल्कमारच्या एझेड क्लबला गेला. कोच होते लुई व्हान खाल. त्या मोसमात एझेडने १९८१ नंतर प्रथमच डच लीग जिंकली. म्हणून प्रश्न असा घ्या: "२००८-०९ ची डच लीग जिंकणाऱ्या संघातला एस्टोनियन डिफेंडर कोण?" मेट्सही नेदरलँड्समध्ये खेळलाय, पण एनएसी ब्रेडाकडून. म्हणजे घोळ नाही.

बाकावरचा_बारावा
घोळ आहे ताई. जानेवारीत आला, आधी आणखी बरेच सेंटर-बॅक रांगेत, वाट्याला सामने मोजकेच. अर्धी पंगत उठल्यावर येऊन मठ्ठा पिणाऱ्याला जेवला म्हणायचं का?

सुमेधा_हॉलंड
संघात नोंदणी होती, मैदानात उतरला, संघ पहिला आला. आणखी काय पाहिजे? उन्हाळ्यात एझेडने त्याला कायमचं घेतलं ते मठ्ठा पिण्यासाठी? त्याच शरद ऋतूत क्लबची प्रायोजक बँक बुडाली, खेळाडू विकायची वेळ आली, तरी हा २०१२ पर्यंत टिकला. लोनवरच्या खेळाडूला कमी लेखायची आपल्याकडे सवयच आहे.

रेड_पराग
वाद पुरे. मला असा प्रश्न नकोय ज्याच्या उत्तरावर नंतर भांडण होईल. तो दुपारपासूनचा माणूस यावर शंभर टक्के भांडेल.

गोपाळकाका_सदाशिव
एस्टोनिया म्हटलं की आमच्या पिढीला पॉल केरेस आठवतो. जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर कितीदा आला आणि कितीदा राहिला! त्यांच्या पाच क्रूनच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. बुद्धिबळपटूचं चित्र चलनावर घेणारा देश. आपल्याकडे कुणाचं घेतील?

रेड_पराग
काका, केरेस डिफेंडर नव्हता.

गोपाळकाका_सदाशिव
माहीत आहे. म्हणून तर सांगतोय, हल्ला करणारा होता.

लालबागचा_लव्हरेन
माझं ऐका, बर्नली. १ जानेवारी २०१८, त्यांचं मैदान टर्फ मूर, पाऊस. सालाह नाही, कुटिन्यो नाही. आपल्या सादियो मानेने ६१ व्या मिनिटाला गोल केला, गुडमुंडसनने ८७ व्या मिनिटाला बरोबरी साधली. सगळ्यांना वाटलं दोन पॉइंट गेले. मग चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला फ्री-किक आली. लांबच्या खांबाकडून लव्हरेनने डोक्याने परत आत वळवली आणि क्लावानने अगदी रेषेजवळून डोक्यानेच आत ढकलली. प्रीमियर लीगमधला एस्टोनियन माणसाचा पहिला गोल! त्याच दिवशी खेळाडू-खरेदीची खिडकी उघडून साडेसात कोटी पौंडांचा डिफेंडर व्हान डाइक अधिकृतपणे आपला झाला, आणि सामना जिंकून दिला बेचाळीस लाखांच्या माणसाने. हाच प्रश्न घ्या: "इंग्लंडमध्ये गोल करणारा पहिला एस्टोनियन."

बाकावरचा_बारावा
इंग्लंडमध्ये नव्हे, प्रीमियर लीगमध्ये. इंग्लंडमध्ये त्याच्या आधी मार्ट पूमने केलाय. गोलकीपर. २० सप्टेंबर २००३, पूम संडरलँडचा, सामना डर्बीच्या मैदानावर, म्हणजे त्याच्याच जुन्या क्लबविरुद्ध. इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरला पुढे आला आणि हेडर मारून १-१ केलं. धड आनंदही साजरा केला नाही, गपचूप मागे पळाला. पण तो सामना दुसऱ्या डिव्हिजनचा, म्हणून प्रीमियर लीगच्या यादीत दिसत नाही.

आणि गंमत बघा, क्लावानचा लिव्हरपूलसाठी पहिला गोल बर्नलीचा नव्हेच. तो लीग कपातला, २० सप्टेंबर २०१६, मैदान तेच डर्बीचं. तारीख तीच, तेरा वर्षांनी.

लालबागचा_लव्हरेन
लीग कपाचे गोल कोण मोजतं!

बाकावरचा_बारावा
स्कोअरर मोजतो. ३-० जिंकलो होतो.

रेड_पराग
ओके, हे भारी आहे. पण "डर्बीत २० सप्टेंबरला गोल करणारे दोन एस्टोनियन" हे कुणालाच येणार नाही. पोरं मारतील.

ई_निवासी
एस्टोनियाबद्दल विचारताय म्हणून सांगतो. त्यांची ई-रेसिडेन्सी योजना २०१४ च्या शेवटी सुरू झाली. भारतात बसून अर्ज करता येतो, युरोपियन कंपनी ऑनलाइन काढता येते. तिथे राहायचा हक्क मात्र मिळत नाही, व्हिसाही नाही, बरेच लोक तिथेच गल्लत करतात. कुणाला प्रक्रिया हवी असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा.

रेड_पराग
कुणालाही नको आहे.

माहीमचा_मोरू
मला हवी आहे, व्यनि केलाय.

वसईचा_विंगर
अवांतर: एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा लाख. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहरच पंधरा लाखांच्या आसपास होतं. एवढ्याशा देशाचा पोरगा नॉर्वे, हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, इटली करून येतो आणि आपला एकही नाही. आपल्या पोरांत जिगरच नाही, घरापासून लांब गेलं की रडायला लागतात.

सुमेधा_हॉलंड
विंगर, जिगरीचा प्रश्न नाही, पासपोर्टचा आहे. एस्टोनिया १ मे २००४ ला युरोपियन युनियनमध्ये गेला. क्लावान हॉलंडला आला २००५ मध्ये. म्हणजे अल्मेलोसारख्या छोट्या क्लबलाही तो घेता आला. युनियनबाहेरचा खेळाडू घ्यायचा तर इथे त्याला लीगमधल्या सरासरी पगाराच्या दीडपट, विशीच्या आतला असला तर पाऊणपट, द्यावेच लागतात. एकोणीस वर्षांच्या अनोळखी डिफेंडरसाठी कुठला छोटा क्लब एवढे मोजेल? इंग्लंडचंही तेच. ब्रेक्झिटआधी तो वर्क परमिटशिवाय गेला. देशाच्या फिफा रँकिंगवर परमिट मिळवायचं असतं तर एस्टोनियाच्या माणसाला जड गेलं असतं.

वसईचा_विंगर
मग आपला गोलकीपर गुरप्रीत संधू कसा गेला नॉर्वेत? स्टाबेक क्लबला होता, २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळला.

सुमेधा_हॉलंड
गेला, आणि तीन वर्षं राहिला, म्हणजे तुमचा जिगरीचा मुद्दा तिथेच संपला. क्लावानचीही पहिली परदेशवारी नॉर्वेचीच, २००४ मध्ये व्हॉलरेंगाला लोनवर. त्यांचा मोसमही एस्टोनियासारखा वसंत ते शरद चालतो, शिवाय समुद्र आणि स्वीडन ओलांडलं की पोचले. फरक पुढच्या पायरीवर पडतो. संधू तिथून बेंगळुरूला परतला, क्लावानला पुढचं दार उघडं होतं.

बाकावरचा_बारावा
ताई, यावर सहमत. पण घरही विसरू नका. वडील झिंतार क्लावान स्वतः एस्टोनियाच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले. सोव्हिएत काळात तर या देशाला आपला संघच नव्हता, १९९२ पासून पुन्हा सामने सुरू झाले. म्हणजे बाप पहिल्या काही वर्षांतला आणि मुलगा शंभराहून जास्त सामने खेळलेला.

गोपाळकाका_सदाशिव
याच देशाचा तो सामना ना, ज्यात समोर संघच नव्हता? १९९६, स्कॉटलंड. दिव्यांवरून तक्रार झाली, फिफाने वेळ अलीकडे आणली, एस्टोनियावाले आलेच नाहीत. स्कॉटलंडने सेंटर केलं, रेफरीने शिट्टी वाजवली, संपला सामना. नंतर मोनॅकोत पुन्हा खेळवला, तोही ०-०. टीव्हीवर पाहून पोट धरून हसलो होतो.

रेड_पराग
सात वाजून गेलेत. विल्यांडी राहू दे, लोन नको, पूम नको. एक असा प्रश्न द्या ज्याला लिव्हरपूलवाल्यांनी डोकं खाजवावं.

बाकावरचा_बारावा
मग ऑग्सबुर्गला परत जा, पण बुंडेसलिगाऐवजी युरोपा लीग घ्या. २०१४-१५ मध्ये ऑग्सबुर्ग पाचवा आला, वाइनत्सियर्ल कोच, क्लावान मधोमध उभा. त्यामुळे २०१५-१६ ची युरोपा लीग मिळाली. ग्रुपमध्ये अॅथलेटिक बिल्बाओ, पार्टिझान आणि एझेड, म्हणजे क्लावानचाच जुना क्लब. ग्रुपमधून वर आले आणि बाद फेरीत गाठ कुणाशी? फेब्रुवारी २०१६, कोच क्लॉपचा लिव्हरपूल. जर्मनीत ०-०, लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर मिल्नरच्या पेनल्टीवर १-०. दोन सामन्यांत एक गोल, तोही पेनल्टी. जुलैत क्लॉपने त्या बचावातला माणूस उचलला.

प्रश्न असा: "ज्या क्लबने एका मोसमात ग्रुपमध्ये आपल्या जुन्या संघाशी आणि बाद फेरीत आपल्या पुढच्या संघाशी सामना केला, त्या क्लबचा डिफेंडर कोण?" वर्ष द्यायचं, देश द्यायचा नाही.

लालबागचा_लव्हरेन
हे मस्त. बर्नलीपेक्षा चांगलं आहे असं नाही म्हणणार, पण मस्त.

सुमेधा_हॉलंड
"ज्या क्लबने आपल्या जुन्या संघाशी" वाचून क्लबचाच जुना संघ वाटतो. असं करा: "२०१५-१६ च्या युरोपा लीगमध्ये या डिफेंडरच्या क्लबने ग्रुपमध्ये त्याच्या जुन्या क्लबला गाठलं आणि बाद फेरीत ज्या क्लबकडून हरला, त्याच क्लबने त्याला त्या उन्हाळ्यात घेतलं. डिफेंडर कोण?"

रेड_पराग
घेतला. उत्तर क्लावान, दुसरं काही येत नाही. बारावे साहेब, सुमेधाताई, धन्यवाद. आता धागा बंद करा.

माहीमचा_मोरू
क्विझ कुठे आहे ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. पत्ता टाका, मी आज पुण्यातच आहे, बाणेरला. बक्षीस काय आहे?

लालबागचा_लव्हरेन
मोरूशेठ, शेवटच्या फेरीचं उत्तर वाचून झाल्यावर?

वसईचा_विंगर
म्हणजे तुमच्या ग्रुपमधलं आणखी कुणी हा धागा वाचत नसेल असं धरून चाललोय का आपण?