मदत हवी आहे: १८१७ च्या धावफलकातल्या विकेट कशा मोजायच्या?

मंडळी, १८१७ च्या इंग्लिश क्रिकेट मोसमावर लेख लिहितोय आणि एका जागी अडलोय. त्या वर्षी लॉर्ड्सवर ससेक्सकडून एप्समविरुद्ध विल्यम लॅम्बर्टने नाबाद १०७ आणि १५७ काढल्या. एकाच सामन्यात दोन शतकं, तीही तेव्हाच्या खडबडीत खेळपट्टीवर! पुढे थेट १८६८ मध्ये इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसनेच हे केलं. गंमत म्हणजे (खरं तर गंमत कसली), त्याच वर्षी सामना मुद्दाम हरल्याच्या आरोपावरून लॅम्बर्टला लॉर्ड्सचे दरवाजे बंद झाले.

अडचण अशी: तेव्हाच्या फलकात फलंदाजाचा त्रिफळा उडाला तरच गोलंदाजाचं नाव. झेल असला की फक्त झेल घेणाऱ्याचं. चार चेंडूंचं षटक, दिलेल्या धावांचा पत्ताच नाही. लॅम्बर्ट गोलंदाजीही करायचा; मग ती आकड्यांत मांडायची कशी? नुसते त्रिफळे लिहिले तर त्याच्यावर अन्याय होतो, आणि अंदाज मला ठोकायचे नाहीत.

शिवाय काही जण प्रथम श्रेणी (म्हणजे वरच्या दर्जाचे, अधिकृत विक्रमांत धरले जाणारे सामने) १८१५ पासून धरतात, काही १८६४ पासून. तुम्ही त्याच्या शतकांना ‘प्रथम श्रेणी’ म्हणाल का? जुने फलक चाळलेल्या कुणी सांगा ना. रविवारपर्यंत मजकूर द्यायचाय.