मदत हवी आहे: मीरत खटल्यात जन्मठेप एकट्या मुझफ्फर अहमदनाच का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात मीरत कट खटल्यावर (ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला खटला) बोलायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं. गाडी अडली आहे ती बंगालच्या मुझफ्फर अहमद उर्फ काकाबाबूंपाशी.

जमवलेली माहिती अशी. जन्म १८८९, संदीप बेटावर (आता बांगलादेशात). कलकत्त्यात तालतला लेनमधल्या घरात ते आणि काझी नझरुल इस्लाम एकत्र राहायचे. १९२१च्या डिसेंबरअखेरीस नझरुलनी रात्रीतून 'विद्रोही' कविता पेन्सिलीने उतरवली आणि सकाळी पहिल्यांदा ऐकवली ती यांनाच. हे ढिम्म! तोंडावर वाहवा करणं आपल्याला जमत नाही, तो बहुतेक दुखावला असावा, असं पुढे स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. मला तर इथेच हा माणूस आवडला.

मे १९२३मध्ये त्यांना १८१८च्या रेग्युलेशन तीनखाली, म्हणजे खटला न चालवताच, आत टाकलं. मग कम्युनिस्टांवरचाच १९२४चा कानपूर खटला: डांगे, शौकत उस्मानी, नलिनी गुप्ता आणि हे, चौघांनाही चार-चार वर्षं. क्षयामुळे यांची लवकर सुटका झाली. मार्च १९२९मध्ये मीरतसाठी पुन्हा धरपकड. जानेवारी १९३३च्या निकालात यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांग्यांना १२ वर्षं, उस्मानींना १०.

माझं घोडं इथेच पेंड खातंय. कानपूरची शिक्षा तर तिघांच्याही नावावर होती. शिवाय १९२८चा गिरणी संप गाजला तो मुंबईत, म्हणजे सरकारचा खरा राग मुंबईकरांवर असायला हवा. मग सगळ्यांत जड शिक्षा कलकत्त्याच्या या किडकिडीत, आजारी माणसाला का? कानपूरनंतरही ते पक्षबांधणीला चिकटून राहिले, म्हणून न्यायाधीशांनी त्यांना मुख्य सूत्रधार मानलं असावं, असा माझा तर्क. पण तर्कावर भाषण कसं ठोकणार? त्यातून ऑगस्ट १९३३मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तिघांनाही सरसकट तीन वर्षांवर आणून ठेवलं!

तर जाणकारांनो, न्यायाधीश यॉर्क यांच्या निकालपत्रातला मुझफ्फर अहमद यांच्यावरचा भाग कुणी वाचला आहे का? मुंबईच्या आरोपींपैकी कुणी तुरुंगातल्या या सोबत्याबद्दल मराठीत लिहिलंय का? कुणाच्या घरी जुने लाल बावट्याचे कार्यकर्ते असतील, तर त्यांनी सांगितलेल्या आठवणीही चालतील. आणि बंगाली वाचणारं कुणी असेल तर त्यांच्या आठवणींतली मीरतची पानं समजून घ्यायला मदत हवी आहे, माझं बंगाली दुकानांच्या पाट्यांपुरतंच आहे.

एक विनंती: कम्युनिस्ट पक्षाच्या १९६४च्या फुटीत डांगे एकीकडे आणि काकाबाबू दुसरीकडे गेले, डांग्यांनी तुरुंगातून ब्रिटिश सरकारला लिहिलेल्या कथित पत्रांवरून बरीच धुळवडही झाली. तो वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा. मला १९३३पर्यंतचंच हवंय.

आगाऊ धन्यवाद.