मदत हवी आहे: घरच्या शेतीत बिनमजुरी राबणाऱ्या स्त्रियांचे तास उत्पादकतेच्या हिशेबात कसे धरावेत?

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहीत असून, त्यातील आकडेमोडीच्या एका प्रश्नावर जाणकारांचा सल्ला हवा आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर पोचला. ग्रामीण भागात तर तो २४.६ वरून ४७.६ टक्के झाला. ही वाढ प्रामुख्याने स्वयंरोजगारात झाली आहे आणि त्यातही घरच्या शेती-व्यवसायात बिनमजुरी मदत करणाऱ्या, म्हणजे सांकेतांक २१ मधल्या, स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या क्लेम्स (KLEMS) या उद्योगनिहाय उत्पादकतेच्या माहितीसाठ्यात कामगारसंख्या मुख्य स्थिती (वर्षातला जास्त काळ ज्यात गेला ती) आणि दुय्यम स्थिती (त्याखेरीज थोडा काळ केलेले काम) एकत्र धरून घेतलेली असल्यामुळे, वर्षभरात जेमतेम ३० दिवस काम केलेली स्त्रीसुद्धा तिथे एक पूर्ण कामगार ठरते. साहजिकच दरडोई उत्पादकता कमी दिसते, आणि तो ठपका त्या स्त्रियांवर यावा हे मला पटत नाही.

जुन्नर तालुक्यात ज्या घरांशी माझे बोलणे झाले, तिथे टोमॅटोचा तोडा असेल त्या दिवशी घरातली बाई पहाटेपासून तोडणी, प्रतवारी आणि क्रेट भरणे यांत असते. आडत्याची पट्टी मात्र नवऱ्याच्या नावाने निघते आणि डेअरीचे बिल सासऱ्यांच्या खात्यात जमा होते. तोडा नसलेल्या आठवड्यात शेतातले तिचे काम फार थोडे असते. त्यामुळे डोकी न मोजता तास मोजावेत, असे माझे मत आहे.

अडचण अशी की सर्वेक्षणात तास विचारले जातात ते फक्त मागच्या सात दिवसांचे, तर सांकेतांक २१ मी घेते तो वर्षभराच्या स्थितीवरून. दुय्यम स्थितीत कामगार असलेल्या अनेक स्त्रियांचे त्या आठवड्याचे तास शून्य येतात. ते शून्य सरासरीत धरावेत का? माझ्या मते धरावेत, कारण नमुना चारही तिमाहींत विभागलेला असतो आणि हंगाम सरत गेला तरी गटाची सरासरी बरोबर निघायला हवी. पण डिसेंबर २०२४ पर्यंतच्या आराखड्यात ग्रामीण कुटुंबाला एकदाच भेट दिली जात असे, म्हणून एकाच स्त्रीचे दोन हंगामांतले तास ताडून पाहता येत नाहीत, आणि माझे गृहीतक तपासायचे कसे हे कळत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसाचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवलेले आहेत. त्यावरून ही पडताळणी कोणी केली आहे का?

जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक जानेवारी २०२५ पासून झाला असल्यामुळे मागच्या वर्षांसाठी मी पुणे जिल्ह्याचा वेगळा अंदाज काढत नाही, ग्रामीण महाराष्ट्रापुरतेच थांबते. कोणी युनिट लेव्हल डेटावर, म्हणजे सर्वेक्षणातल्या एकेका व्यक्तीच्या मूळ नोंदींवर, असे काम केले असेल, तर शून्य तासांच्या नोंदींचे काय केले आणि मल्टिप्लायर (एक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायची तो गुणक) चार तिमाहींना कसा लावला, एवढे कृपया सविस्तर लिहावे. आर किंवा स्टाटामधला कोड इथेच दिलात तर फार उपयोग होईल.