मदत हवी आहे: गाडी फार आदळते, शनिवारच्या आत उपाय सांगा (नागपूर)

मानेवाडा_मेल
मंडळी, लवकर सांगा. सेकंड हँड पोलो जीटी घेतली. पळायला झकास, पण खराब रस्त्यावर हाडं खिळखिळी होतात. मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी रोजची चक्कर आहे. रविवारी आईला मागच्या सीटवर बसवून रामटेकला नेलं, तर म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येते." शॉकप बदलू की सीटवर कुशन टाकू? शनिवारी गाडी गॅरेजला लावतो आहे.

चाकपाणी
कोणत्या सालची? टायरचा साइज? हवा किती? आदळते म्हणजे धप्पकन बसते की टकटक वाजते? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

मानेवाडा_मेल
२०१५ची, पेट्रोल, ६८ हजार किमी. हवा पंपवाला भरतो तेवढी. टायर जाडजूड आहेत, दिसतात भारी. धप्पकन बसते. आता सांगा.

तर्रीवाला
भाऊ, कायले डोक्स खपवून राहिला? स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाक. मी चारी चाकांना टाकले, गाडी मस्त उचलल्या गेली, खाली घासणं बंद.

चाकपाणी
तुमचा प्रश्न घासण्याचा होता, यांचा हादऱ्यांचा आहे. बफर स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अडकून बसतो, तेवढे वेढे कामातून जातात आणि उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते.

तर्रीवाला
आमच्या घरच्यांले फरक पडला. तुमच्या वेढ्यांचं तुम्ही पाहा.

निवृत्त_ओव्हरसियर
रोग गाडीत नाही, रस्त्यात आहे. शहरभर सिमेंट ओतलं, आता प्रत्येक जोडावर टक-टक, टक-टक. वर रस्ता फूटभर उंच, पावसाचं पाणी थेट आमच्या अंगणात. डांबरी रस्ता निदान खरवडून दुरुस्त करता यायचा. याविषयी मी पूर्वीही येथे सविस्तर लिहिले आहे.

चाकपाणी
काका, रस्ता काही शनिवारपर्यंत बदलत नाही.

बुटीबोरी_अपडाउन
नायट्रोजन भरा. टायर थंड राहतो, गाडी तरंगत जाते.

पाना_तेरा
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हो. पैसे घालवायचेच तर शंभर-दोनशेचा गेज घ्या आणि सकाळी गाडी हलवायच्या आधी हवा मोजा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरवर मोजलेला आकडा खोटाच निघतो.

शिर्डी_वारी
समृद्धीवर १२०ला आमची गाडी पोटातलं पाणी हलू देत नाही. बाकी जीटी मायलेज किती देते?

मानेवाडा_मेल
मायलेज कोणी विचारलं? असो. खाली जाऊन बघितलं. टायरवर २०५/४५ आर १७ लिहिलंय, हवा चारीत ४० निघाली. पंपवाला म्हणतो, "साहेब, टाइट असली की ॲव्हरेज देते."

चाकपाणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! जीटीच्या या मॉडेलला १८५/६० आर १५ येतात. तुमच्या २०५ मिमी रुंदीचे ४५ टक्के म्हणजे टायरची भिंत जेमतेम ९२ मिमी. मूळ टायरची १११. खड्डा आधी ही भिंत खाते, उरलेला शॉकपकडे जातो. तुमची भिंत पातळ, त्यात ४० हवा म्हणजे दगडच. १५ इंची रिम मिळाली तर १९५/६० घ्या, भिंत ११७ होते आणि टायरचा बाहेरचा घेर तुमच्या आत्ताच्या टायरएवढाच राहतो. तोवर शॉकपला हात लावू नका.

पाना_तेरा
घाई नको. धप्पकन बसते म्हणताहेत ते नुसत्या टायरनं होत नाही. टायर आणि वरच्या मडगार्डच्या फटीत किती बोटं जातात?

मानेवाडा_मेल
पुढे दोन, कशीबशी. मागे एक.

पाना_तेरा
झालं. आधीच्या मालकानं आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवली आहे. शॉकपला दबायला जागाच उरलेली नाही, म्हणून थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या फोमवर आपटते. नवे शॉकप घालाल तर तेही असेच मरतील. शनिवारी चाक काढलं की शॉकपच्या दांड्यावरचा पिवळट फोम बघा. आणि आईंना पुढे बसवा, मागची सीट चाकाच्या डोक्यावर येते.

मानेवाडा_मेल
शनिवार, गॅरेजमधून. स्प्रिंग लालभडक निघाल्या. मागचा फोम चिमटीत धरला तर खारी बिस्किटासारखा भुगा झाला, मेस्त्री हसायलाच लागला. आधीच्या मालकाला फोन लावला. त्याच्या माळ्यावर मूळ स्प्रिंग आणि १५च्या रिमा पडून आहेत, "अरे, घेऊन जा, बायको रोज ओरडते," म्हणाला. तोवर हवा ३३ केली, त्यानंच चार आणे फरक पडला. बंप स्टॉप नवे मागवलेत.

निवृत्त_ओव्हरसियर
सिमेंटचे जोड मात्र राहिलेच.

तर्रीवाला
त्या लाल स्प्रिंगा मले दे भाऊ. बफर हायेतच माह्याकडे, बॅलन्स होऊन जाईन.