सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापायचे आणि वर दंडही लावायचा, हे चालतं का?

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये (मशीनवर पत्रा दाबून-कापून भाग बनवतात तिथे) शिफ्ट सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. कंपनीच्या रोलवरची, म्हणजे कायम माणसं थोडी, बाकी सगळी पोरं ठेकेदाराची.

ऑडिटनंतर गेटवर बोर्ड लागलाय: शूज नाहीत तर २०० रुपये दंड, गॉगल किंवा ग्लोव्हज नाहीत तर १००. नियमाला माझा विरोध नाही. शीटची धार काय करते ते मी पाहिलंय, चप्पल घालून प्रेसवर आलेल्याला मी स्वतः बाहेर काढतो. पण सामान द्यायचं कोणी? कंपनी म्हणते ठेकेदार देईल. ठेकेदार देतो, आणि पहिल्याच पगारातून शूजचे पैसे कापून घेतो.

बरं, देतो ते तरी धड असावं ना. एकाला सहा नंबर लागतो, मिळाला आठ, पुढे कागद कोंबून चालतोय बिचारा. दुसऱ्याच्या बुटाचं चामडं फाटून आतली स्टीलची टोपी दिसायला लागली, तरी सहा महिने झाल्याशिवाय बदलून मिळत नाही. ग्राइंडिंगच्या गॉगलवर इतके चरे पडलेत की जॉबच, म्हणजे हातातला तुकडाच दिसत नाही. मग पोरं तो कपाळावर चढवतात, आणि कॅमेऱ्यात नेमका कपाळावरचा गॉगल येतो.

कहर म्हणजे ग्लोव्हज घातले नाहीत म्हणून ड्रिलवाल्याला दंड! फिरत्या बिटाजवळ ग्लोव्हज घालायचे नसतात, कापड गुंतलं की हात आत ओढला जातो, हे आयटीआयचा पोरगाही सांगेल. बोर्ड लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

आता स्टोअरमधून रजिस्टर आलंय. प्रत्येक नावापुढे ‘शूज, गॉगल, ग्लोव्हज, इअरप्लग दिले’ असं आधीच टाइप केलेलं, खाली माझी सही हवी. इअरप्लग तर आमच्या शेडमध्ये कोणी पाहिलेलेही नाहीत. पैसे कापणं कायद्यात बसतं का? ठेकेदाराच्या पोरांची जबाबदारी नक्की कोणाची? आणि मी सही करू की नको? नोकरीही टिकवायचीय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
पैसे कापणं सरळ बेकायदा. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ११४ प्रमाणे कायद्यानुसार द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सुरक्षा-आरोग्य संहिता लागू झाली, तिच्यातही सुरक्षेसाठी केलेल्या कशाचाही खर्च कामगारावर टाकायचा नाही असंच आहे. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. काम तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मशीनवर होतंय.

दंडाचं म्हणाल तर बोर्ड लावला म्हणून वसुली करता येत नाही. कोणत्या चुकीला दंड, याला सरकारची आधी मंजुरी लागते, कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि महिन्याचा दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. शिवाय तो पैसा कामगारांच्याच हितासाठी वापरायचा असतो. तुमच्याकडे तो जातो कुठे, विचारून बघा एकदा.

प्रतिसाद २
मी फाउंड्रीत होतो, सेफ्टी विभागात. सही अजिबात करू नका. अपघात झाला की सगळ्यात आधी हेच रजिस्टर बाहेर येतं: आम्ही दिलं होतं, यानेच घातलं नाही. सुरक्षेचं साधन कामगाराने मुद्दाम काढून ठेवल्यामुळे इजा झाली हे मालकाने दाखवलं, तर भरपाई नाकारायला त्याला वाट मिळते (मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर नाही). न दिलेल्या इअरप्लगवर तुमची सही म्हणजे त्या पोराच्या भरपाईवर पाणी.

भांडू नका. जे दिलंय तेवढ्यापुढेच तारीख, नंबर लिहून त्या पोराची सही घ्या, बाकी रकान्यात ‘मिळाले नाही’ लिहा आणि फोटो काढून ठेवा. ड्रिलचं प्रकरण मॅनेजरला मेलवर कळवा, दोन ओळी पुरे. शूज घेताना आयएस (भारतीय मानक) १५२९८ चा शिक्का बघा, हेल्मेट असेल तर आयएस २९२५.

मात्र पोरांनाही सांगा, मिळालेलं धड सामान वापरणं हे त्यांच्यावरही कायद्याने बंधनकारक आहे. चांगला गॉगल खिशात ठेवून ग्राइंडिंग करणारेही मी कमी पाहिले नाहीत.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मेल आज संध्याकाळीच टाकतो. एक राहिलं: सेफ्टी कमिटी आमच्याकडे कागदावरच आहे. थेट औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात गेलो तर नाव फुटेल का?

प्रतिसाद २
तक्रार कोणी केली हे संचालनालयाच्या इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असतं, जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये त्यासाठी ११८अ हे कलमच होतं. तरी आधी मेलला आठवडाभर द्या. उत्तर नाहीच आलं, तर पगारपत्रकावरच्या कपातीचा फोटो सोबत घेऊन जा. ती नोंद असली की बाकी फार बोलावं लागत नाही.